उलटतपासणी

रास्ता पेठेतल्या रक्तपेढीत पंखा एकच,
तोही शीतकपाटाकडे वळवलेला.
माणसांनी घाम गाळावा, यंत्रांनी नाही,
असं साळवीबाई म्हणत.

ती आली चौऱ्याहत्तरच्या मार्चात, भर दुपारी.
तांबट आळीतली, अनसूया करडे.
पदराच्या गाठीतून दोन चिठ्ठ्या सोडवल्या तिने
आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या.
नवरा, ओ.
मुलगा, ए.
तिसरी नंतर काढली, घडीवर फाटलेली.
ती स्वतः, ओ.
खाली सही माझी.

“दोन शून्यांतून हा ए कुठून आला,
विचारतात घरी.
विचारत नाहीत खरं तर.
मी ओट्यावर आले की हातोड्या थांबवतात.”

मला नियम पाठ होता.
पाठ होता म्हणून मीही वर पाहिलं नाही.

किती लहान होतं माझं शास्त्र, तेही सांगतो.
हजारो वर्षं लोकांनी जळवा लावल्या,
सैंधव टाकून सोडवल्या,
तुंबड्या ओढल्या,
वाईट रक्त काढतो म्हणत चांगलंही काढलं.
मग कुणी मेंढीचं रक्त माणसात घातलं,
कुणी चक्क दूध,
आणि माणूस गेल्यावर त्याचं नशीब काढलं.
मग कुठल्याशा थंड देशात काचपट्टीवर दिसलं
की रक्त रक्ताला ओळखतं,
आणि ओळख पटली नाही तर नासतं, फाटक्या दुधासारखं.
ए, बी, दोन्ही, किंवा काहीच नाही.
चार खणांचा डबा झाला.
तो घेऊन पासष्टच्या लढाईत आम्ही पेठापेठांतून शिबिरं घेतली,
रांगा इतक्या, की मी पेशीच तेवढ्या पाहिल्या,
सीरमची उलट बाजू पाहायला वेळ कुणाला.
तिचं वजन कमी भरलं म्हणून तिला परत पाठवलं.
कार्ड मात्र दिलं.

त्या दुपारी सीरम वेगळं केलं.
त्यात ओच्या पेशींचा थेंब सोडला.
ओ पेशींना कुणाचंच सीरम काही म्हणत नाही.
नळी टिचकीने हलवली.
तळाला गुठळी, डाळिंबाच्या दाण्याएवढी.
नळी घाण असेल, म्हणून दुसरी घेतली.
पेशी सलाइनने तीनदा धुतल्या.
तिसऱ्यांदाही तिच्या रक्ताने
माझा ओ परत केला.

साळवीबाईंनी भिंगातून पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
आणि म्हणाल्या, “मुंबई.”

वीसेक वर्षांपूर्वी तिथे सापडलेलं हे रक्त.
ए आणि बी ज्या खुंटीला टांगायचे
ती खुंटीच नाही यात.
अंगरखा घरात असतो, दिसत नाही इतकंच.
बापाने खुंटी दिली, आईने अंगरखा,
आणि पोरगा ए होऊन
शाळेच्या तपासणीत उभा राहिला.

हे तिला सांगितलं, जमेल तसं.
ती म्हणाली, “पुण्यात जन्मले आणि रक्त मुंबईचं?
हे तर आणखीच बोलतील.”
साळवीबाई हसल्या. तीही, अर्धवट.
मग म्हणाली,
“मी हेच सांगत होते तीन वर्षं.
मध्ये तुमची नळी नव्हती, एवढंच.”

यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.
मी विचार करत होतो त्या कार्डाचा.
मुलाच्या वेळी जास्त गेलं असतं,
कुणी माझ्या सहीवर विसंबून
ओची बाटली टांगली असती,
पहिल्या शंभर थेंबांतच…

अहवाल मराठीत लिहिला, खाडाखोड न करता.
तिच्या हाती दिला नाही.
संध्याकाळी सायकल काढली.

आळीत शिरलो तेव्हा घंगाळांवर ठोके पडत होते,
दहा दारांतून, दहा चालींचे.
करड्यांच्या ओट्यावर चढलो.
हातोड्या थांबल्या.
अशी असते तर ती शांतता.

कुणी काही विचारलं नाही.
कागद उघडला आणि वाचायला लागलो,
खालून,
माझ्या सहीपासून.